मेलोस बेट, मुक्काम अकोला

नाताळच्या सुटीत मी वऱ्हाडात व्याख्याने द्यायला जाणार, आणि तीही ग्रीकांच्या युद्धावर, हे कळल्यावर शाळेतल्या एका मैत्रिणीने मला विचारले, "तिकडे कोण ऐकणार?" मी म्हटले, "बोलावणे तिकडूनच आले आहे." तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की, मी जाणार हे तिथेच पक्के झाले.

मी पुण्यात मुलींच्या शाळेत इतिहास शिकवते. ग्रीक भाषा मला येत नाही. इंग्रजी भाषांतरावरून वाचत वाचत अथेन्स आणि स्पार्टा या दोन ग्रीक राज्यांच्या त्या युद्धाचा मला नाद लागला. ज्याने त्या युद्धाचा इतिहास लिहिला तो स्वतः अथेन्सचा सेनापती होता. एक शहर वेळेवर वाचवता आले नाही म्हणून त्याला हद्दपार केले, आणि हद्दपारीत बसून त्याने दोन्ही बाजूंची माणसे ऐकली. राजे रागावले म्हणून किंवा देव कोपले म्हणून युद्ध होते, असे तो लिहीत नाही. अथेन्सचे बळ वाढत गेले, त्याची स्पार्टाला धास्ती बसली, आणि त्या धास्तीतून युद्ध आले, असे तो सांगतो. युरोपात लढाई पेटली त्या महिन्यात मी यावर एका मासिकात लेख लिहिला. अमरावतीच्या व्याख्यान समितीचे चिटणीस वामनराव वकील यांनी तो वाचला आणि मला दोन व्याख्यानांचे निमंत्रण धाडले. पहिले अमरावतीला, युद्धे का होतात यावर. दुसरे अकोल्याला, मेलोस नावाच्या लहानशा बेटावर.

अमरावती

बडनेऱ्याला गाडी बदलून अमरावतीला उतरले तेव्हा नुकते उजाडले होते. पुण्याची थंडी अंगाला लागते, इथली हाडाला लागते. स्टेशनाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती आणि बैलांच्या अंगावरून वाफ निघत होती. वामनराव स्वतः टांगा घेऊन आले होते. गोल चेहऱ्याचे, पन्नाशीचे, गळ्याला मफलर गुंडाळलेले गृहस्थ. भेटल्याबरोबर त्यांनी जाहिरातीचा कागद माझ्या हातात ठेवला. त्यावर छापले होते, "विषय : एक ग्रीक इतिहासकार व आजचे युरोप."

"नाव काहून नाही टाकलं म्हणाल," ते म्हणाले, "तं छापखान्यानं तीनदा छापलं अन् तिन्ही खेपेस चुकवलं. मंग मी म्हटलं, एक ग्रीक, एवढं पुरे."

सभेत वामनराव आमच्यासारखेच मराठी बोलत. घरात आणि टांग्यात मात्र त्यांची स्वतःची भाषा येई. पुण्याच्या कानाला ती पहिल्यांदा तुसडी वाटते. कुणी रागावले की काय, असे वाटून मी दोनदा मागे वळून पाहिले. दुपारपर्यंत लक्षात आले की हे लोक मनात येते ते मधले दोन जिने वगळून सरळ ओठांवर आणतात.

जेवताना त्यांच्या पत्नी रमावहिनींनी विचारले, "भाजीवर सांबार टाकू काय?" पानात आधीच वरण होते. मी म्हटले, "नको, वरण आहे." त्या गोंधळल्या, मीही गोंधळले. शेवटी त्यांनी आतून हिरवीगार कोथिंबीर मुठीत आणून दाखवली. तिकडे कोथिंबिरीलाच सांबार म्हणतात. ठेच्याच्या बाबतीत मात्र कुणी मला काही विचारले नाही, आणि पहिल्या घासानंतर माझे बोलणे बराच वेळ बंद पडले. रमावहिनींनी दह्याची वाटी पुढे सरकवली.

जेवणानंतर वामनराव आरामखुर्चीत बसून वऱ्हाडची हकीकत सांगू लागले. हा मुलूख कागदोपत्री निजामाचा, कारभार इंग्रजांचा, आणि सरकारी पत्त्यात जोडलेला मध्यप्रांताला. "आमचं म्हणजे भाड्यानं देलेलं घर," ते म्हणाले. "घेणारानं अन् देणारानं आपसात ठरवलं. घरात राहणाराले कोनी इचारलं नाही." मेलोसवर बोलायला मी नेमक्या जागी आले आहे, असे मला तेव्हा वाटले. त्या जागी ते बोलणे किती अवघड आहे, याचा विचार मनात आला नव्हता.

संध्याकाळचे व्याख्यान चांगले झाले. नाटकगृह भरले होते. महिन्यापूर्वीच रशियाने फिनलंडवर स्वारी केली होती, लोकांनी त्याचे विचारले. एवढासा देश, रशियापुढे किती टिकेल? मी म्हटले, किती टिकेल ते मला सांगता येणार नाही, पण तो का लढतो आहे ते समजून घ्यायला हा जुना इतिहासकार उपयोगी पडेल. अध्यक्षस्थानी एक निवृत्त न्यायाधीश होते. सगळे त्यांना रावसाहेब म्हणत. उंच, ताठ, आवाज अगदी सौम्य. समारोपात ते म्हणाले, "बाईंनी आज एक कठोर शास्त्र सांगितले. मी तीस वर्षे न्यायदान केले. दोन्ही पक्षांचे बळ सारखे असेल तर कायदा चालतो. नसेल तर बलवान ठरवतो आणि दुबळा सोसतो. राष्ट्राराष्ट्रांत तर न्यायाधीशच नाही. हे ओळखून दुबळ्याने वेळीच जुळते घ्यावे, हाच ग्रीकांचा धडा."

टाळ्या पडल्या. मी खुर्चीत अवघडून बसले. मी सांगितलेल्यातूनच त्यांनी ते काढले होते, आणि मला ते खोडताही येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी वामनराव चहाचा कप हातात घेऊन माझ्यासमोर येऊन बसले. चहा प्यायले नाहीत.

"बाई, अकोल्याचा हॉल मिळून नाही राहिला," ते म्हणाले. "मालक म्हणते, लढाईचे दिवस हायेत. बलाढ्य राज्य, लहान बेट, बेटावाले नाही म्हणतात. पोलिसायचा रिपोर्टर बसन समोर. तुमी विषय बदला. ग्रीकायची नाटकं, ग्रीकायच्या बायका, काहीही चालते."

"माझी तयारी बेटाची आहे."

"तुमी पुण्याले चालल्या जाल. आमाले इथंच रहा लागते. माह्या सनदीवर बोट ठेवलं तं मी काय करू?"

या माणसाला दोष देता येत नव्हता. त्याच्या घरी मी जेवले होते, त्याच्या टांग्यातून फिरले होते. तरीही विषय सोडायचा माझा विचार नव्हता. मी म्हटले, "समितीचे नाव काढून टाका. व्याख्यान माझे एकटीचे. कुणी झाडाखाली जागा दिली तरी मी बोलेन. कुणीच दिली नाही तर परत जाईन, पण विषय बदलून बोलणार नाही."

रमावहिनी दारात उभ्या होत्या. त्या आत जाता जाता म्हणाल्या, "दुर्गाताईले इचारा ना." दुर्गाताई ही त्यांची मावसबहीण. तिचे यजमान अकोल्यात कापसातून सरकी काढणाऱ्या एका जिनिंगच्या कारखान्याचे मॅनेजर होते. थोड्या वेळाने वामनराव टोपी घालून तिला तार करायला तारघराकडे निघाले.

अंजनगाव सुर्जी

मध्ये दोन दिवस मोकळे होते. अंजनगाव सुर्जीला जायचे मी पुण्याहूनच ठरवले होते. शिंदे आणि इंग्रज यांचा तह तिथे झाला, हे मी दर वर्षी वर्गात शिकवते आणि मुली ते परीक्षेत लिहितात. ती जागा कशी आहे, हे मला पाहायचे होते. वामनरावांचे एक पक्षकार, सोनाजी नावाचे पानमळेवाले, तिथे राहत. त्यांच्याकडे माझी सोय झाली.

सर्व्हिस मोटारीचे चाक दर्यापूरच्या अलीकडे निखळले. आम्ही सगळे उतारू काळ्या रानात उतरलो. दूरवर वेचणीच्या बायकांची रांग दिसत होती, आणि उत्तरेला गाविलगडाचे डोंगर निळे उठले होते. पुण्याकडे शेताला बांध, वाट, वळण असते. इथे जमीन नजर पोहोचेल तिथपर्यंत नुसती पसरलेली. असा उघडा मुलूख राखायचा कसा, असा प्रश्न मनात आला. इथून किती फौजा गेल्या असतील, त्यांना थांबवायला वाटेत काय होते?

सोनाजी साठीच्या पुढचे, बारीक अंगाचे, डोक्याला पांढरे मुंडासे. त्यांची सून द्वारका घरचे आणि मळ्याचे दोन्ही पाहत असे. मुलगा विड्याच्या पानांचे डाग, म्हणजे बांधलेल्या करंड्या, घेऊन बाजाराला गेला होता, तो चार दिवस येणार नव्हता. मी तहाची जागा विचारली. सोनाजी मला नदीकाठच्या एका मैदानावर घेऊन गेले. तिथे भेटलेल्या एका म्हाताऱ्याने सांगितले, इथे नाही, पलीकडे सुर्जीत. सुर्जीत एकाने कडुनिंबाचे झाड दाखवले, दुसरा म्हणाला ते झाड त्याच्या आज्याने लावलेले आहे. संध्याकाळपर्यंत फिरलो आणि जागा सापडली नाही. एवढा मुलूख या हातातून त्या हातात गेला, आणि त्या गावात त्याची आठवण कुणी ठेवली नव्हती. मला वाईट वाटले. सोनाजींना मात्र काही वाटलेले दिसले नाही. "तंबूत झालं असन," ते म्हणाले. "तंबू उचलला, गेले."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मळा दाखवला. चपला बाहेर काढून आत शिरायचे. आत गेल्याबरोबर बाहेरचे ऊन तुटते आणि हिरवा, ओलसर, थंड काळोख अंगावर येतो. शेवरीच्या सरळ खोडांवर नागवेली चढलेल्या. वाऱ्याचा झोत लागू नये म्हणून चहूबाजूंनी कुडाच्या भिंती. दोन बायका पाने खुडत होत्या, पण बोलण्याचा आवाज नाही. आमच्याकडे देवळातसुद्धा इतकी शांतता नसते.

दुपारी ओसरीवर पाने निवडायला सगळे बसले. मीही बसले. माझ्या हातून पाने फाटू लागली तेव्हा द्वारकेने माझ्यापुढची टोपली हळूच काढून घेतली आणि म्हणाली, "तुमी बोला, बाई. आमी हातानं करतो." मग मी त्यांना बेटाची गोष्ट सांगितली.

मेलोस हे समुद्रातले लहान बेट. तिथले लोक कुणाच्याच बाजूने लढत नव्हते. अथेन्सचे आरमार आले. त्यांचे वकील, म्हणजे दूत, उतरले आणि म्हणाले, आम्हाला खंडणी द्या, आमच्यात या. बेटावाले म्हणाले, आम्ही तुमचे वैरी नाही, आम्हाला आमच्या जागी राहू द्या. वकील म्हणाले, तुम्हाला असेच सोडले तर आमच्या ताब्यातली बाकीची बेटे म्हणतील, आम्ही दुबळे आहोत. बेटावाले म्हणाले, न्याय पाहा. वकील म्हणाले, न्यायाची गोष्ट बरोबरीचे लोक करतात. बेटावाल्यांना देवांची आशा होती, आणि स्पार्टाचे लोक त्यांच्या रक्ताचे म्हणून त्यांची आशा होती. ते नाही म्हणाले. वेढा पडला. स्पार्टा आला नाही. हिवाळ्यात बेट पडले. अथेन्सने पुरुष मारले, बायका-मुले विकली आणि आपली माणसे तिथे वसवली.

पाने निवडणारे हात चालूच होते. सोनाजी आधी बोलले. "देऊन टाकाची होती खंडनी. पोरं वाचली असती."

द्वारका सासऱ्यांसमोर पदर पुढे ओढून बसली होती. तशीच, मान वर न करता म्हणाली, "आज खंडनी. उद्या म्हनतील, लढाईले मानसं द्या."

"जिवंत असलं तं उद्याचं पाहाता येते."

"मामाजी, तुमी देला असता काय हा मळा?"

सोनाजींनी हातातले पान टोपलीत ठेवले. "मळा देला असता," ते म्हणाले. "तुमाले नसतं देलं."

द्वारकेने भरलेली टोपली उचलून दुसरी पुढे ठेवली. मग सोनाजींनी विचारले, "मंग त्या अथेन्सवाल्यायचं काय झालं?"

मी सांगू लागले. बेट जिंकल्यावर लगेच अथेन्सने सिसिलीवर स्वारी काढली. ते बेट केवढे, तिथे माणसे किती, हे बहुतेकांना नीट माहीतसुद्धा नव्हते. ज्यांनी सावध केले त्यांचे ऐकले नाही. सगळे आरमार, सगळा पैसा, तरणी माणसे तिकडे पाठवली. सिराक्यूज नावाच्या शहरापुढे सगळे बुडाले. जे धरले गेले त्यांना दगडाच्या खाणीत कोंडले. उन्हात, थंडीत, अर्ध्या पोटी, ते तिथेच मेले.

बोलता बोलता मी थांबले. माझ्या शाळेत मेलोस दिवाळीच्या सुटीआधी शिकवून होते आणि सिसिली सुटीनंतर. मुलींच्या वह्यांत त्या दोन वेगळ्या घटना असतात. माझ्याही डोक्यात त्या वेगळ्याच होत्या. तो इतिहासकार मात्र बेटाचा शेवट लिहितो आणि पुढच्याच पानावर जहाजे सिसिलीला हाकारतो. मध्ये एक शब्दाचा उपदेश नाही. अमरावतीत रावसाहेबांनी जो धडा काढला तो अर्ध्याच गोष्टीचा होता, आणि तो अर्धा तुकडा त्यांच्या हाती मीच ठेवला होता. अकोल्याला दोन्ही एका बैठकीत सांगायच्या, हे मी त्या ओसरीवर ठरवले.

मूर्तिजापूर

संध्याकाळी वामनरावांचा निरोप आला. दुर्गाताईंच्या यजमानांच्या कारखान्याच्या आवारात जागा मिळाली होती. दुसऱ्या दिवशी कारखान्याला सुटी. पण अट एक होती. आवारात सगळीकडे कापूस, म्हणून दिवा लावता येत नाही. व्याख्यान दुपारी सुरू करून सूर्य मावळायच्या आत संपवायचे.

अंजनगावहून मूर्तिजापूरला लहान रुळांची गाडी जाते. द्वारकेने भाकरी, वांग्याचे भरीत आणि पानांचा एक पुडा बांधून दिला. ती लहान गाडी माणसांच्या सवडीने चालते. एका स्टेशनावर कुणाच्या तरी शेळ्या चढेपर्यंत ती थांबली, आणि त्याबद्दल मला सोडून कुणालाच काही वाटले नाही. आम्ही मूर्तिजापूरला पोहोचलो तेव्हा अकोल्याची मोठी गाडी निघून गेली होती. पुढची गाडी पकडली असती तर पोहोचेपर्यंत अंधार झाला असता.

फलाटावर उभी राहून मी क्षणभर विचार केला की, न पोहोचणे सगळ्यांनाच सोयीचे पडेल. कुणी मला बोल लावला नसता. मग बॅग उचलली आणि बाहेर आले. स्टेशनासमोर कापसाने वरपर्यंत भरलेली एक लॉरी उभी होती. ड्रायव्हर मुसलमान होता, दाढी मेंदीने रंगवलेली.

"अकोल्याला जाता का?"

"जाऊन राहिलो. पन बाई, ही मानसांची गाडी नाही."

"मला दुपारी तिथे बोलायचे आहे. लोक थांबलेत."

"कोनत्या इषयावर?"

"एका बेटावर."

त्याने माझ्याकडे आणि माझ्या बॅगेकडे पाहिले. मग क्लीनरला मागे कापसावर चढायला सांगितले आणि माझ्यासाठी पुढची जागा फडक्याने पुसली. वाटेत त्याने बेटाची सगळी हकीकत विचारून घेतली. दगडाच्या खाणी आल्या तेव्हा त्याने लॉरीचा वेग कमी केला आणि "या अल्ला" एवढेच म्हणाला. अकोल्याला तो मला थेट कारखान्याच्या फाटकात सोडून गेला. माझ्या केसांत, पदरात, भुवयांत कापूस होता.

अकोला

दुर्गाताईंनी मला तोंड धुवायला पाणी दिले आणि कापूस झटकला. त्या रमावहिनींपेक्षा धाकट्या, चटपटीत. "गंज लोक आले, आवार भरून गेलं," त्या म्हणाल्या. "आता तुमी घाबरू नका, म्हंजे मी बी घाबरत नाही."

आवारात एका बाजूला सरकीचे ढीग, दुसऱ्या बाजूला दाबलेल्या गाठी. पुरुष गाठींवर बसले होते, बायकांसाठी सतरंजी. पुढे स्टुलावर काळी टोपी घातलेला एक मनुष्य कागद-पेन्सिल घेऊन बसला होता. तो पोलिसांचा रिपोर्टर, हे कुणी सांगावे लागले नाही. त्याच्या दोन्ही बाजूंची जागा रिकामी होती. आणि पहिल्याच ओळीत रावसाहेब. त्यांची मुलगी अकोल्यात दिली होती, तिच्याकडे ते आले होते.

मी सुरुवात केली. थोड्याच वेळात रिपोर्टरने हात वर केला. "बाई, थोडं सावकाश. नावं कठीन हायेत."

लोक हसले. मी सावकाश बोलू लागले, आणि त्यामुळे व्याख्यान सुधारले. प्रत्येक वाक्य त्याच्या पेन्सिलीसाठी थांबे, आणि तेवढ्या वेळात लोकांना विचार करायला सवड मिळे. बेटाचे संभाषण मी रंगवले नाही. दोन्ही बाजूंना आपापले मुद्दे नीट मांडू दिले. वकील दुष्ट नव्हते, हे सांगितले. त्यांनाही भीती होती, आपला दरारा सुटला तर सगळेच सुटेल याची. बेट पडल्याचे सांगून मी दम घेतला नाही. तिथूनच जहाजे सिसिलीकडे हाकारली. सिराक्यूजचा उच्चार रिपोर्टरने दोनदा विचारला.

माझे संपल्यावर रावसाहेब उठले. आवाज तसाच सौम्य. "बाई, दोन घटना एकीमागून एक घडल्या. म्हणून पहिलीचा दंड दुसरीत मिळाला, असे कोर्टात सिद्ध होत नाही."

"होत नाही," मी म्हटले. "दंड मिळाला असे मीही म्हणत नाही, आणि तो लिहिणाराही म्हणत नाही. मी एवढेच दाखवते की, माणसे तीच होती. बेटावर त्यांनी सांगितले, आशेवर जगू नका, समोर काय आहे ते पाहा. आणि वर्ष उलटायच्या आत तीच माणसे नुसत्या आशेवर जहाजांत बसली. बळ फार वाढले की दुसऱ्याचे ऐकण्याची गरज संपते. बेटावाल्यांचे ऐकायची गरज नव्हती, म्हणून ऐकले नाही. मग घरातल्या सावध माणसाचेही ऐकले नाही. जो ऐकत नाही त्याला पुढे काय आहे ते कळत नाही."

"म्हणजे बलवानाने न्याय पाळावा तो दयेपोटी नव्हे, स्वतःच्या हितासाठी?"

"असे तो कुठे लिहीत नाही. त्याचे वाचून मी म्हणते."

रावसाहेबांनी पुढे विचारले, "आणि दुबळ्याने काय करावे?"

अंजनगावच्या ओसरीवर दोन माणसांनी या प्रश्नाची दोन उत्तरे दिली होती, आणि मला दोन्ही खरी वाटली होती. मी तेच सांगितले. म्हटले, "ते बेटावरच्या लोकांनीच ठरवायचे. पण तिथेसुद्धा वकिलांना लोकांपुढे बोलू दिले नव्हते. मोजक्या वडीलधाऱ्यांच्या बैठकीत सगळे झाले. ज्यांचे पुरुष मरणार होते आणि ज्यांची मुले विकली जाणार होती, त्यांना कुणी विचारलेच नाही. लोकांना विचारा, एवढे मी खात्रीने सांगेन."

गाठींवर हालचाल झाली. कुणी टाळी वाजवली नाही. रावसाहेबांनी मान किंचित लववली आणि खाली बसले. पटल्याची ती खूण होती की नव्हती, मला सांगता येणार नाही.

सूर्य जिनिंगच्या पत्र्यामागे गेला होता. सतरंजीवरून एका वयस्कर बाईने विचारले, "त्या विकल्या त्या बायका-लेकरायचं मंग काही समजलं नाही काय?"

"समजले," मी म्हटले. "त्या इतिहासकाराचे लिखाण अपुरे राहिले. ते पुढे दुसऱ्यांनी लिहिले. बारा-एक वर्षांनी अथेन्स हरले. तेव्हा जिंकणाऱ्या सेनापतीने बेटावरची जी उरलीसुरली माणसे सापडली ती गोळा केली आणि त्यांना परत बेटावर नेऊन वसवले."

"किती होती?"

"ते कुणी लिहून ठेवले नाही."

रिपोर्टरने कागद डोळ्यांजवळ नेला. "हे बी लिहू काय, बाई?"

"लिहा."

"आता दिसून नाही राहिलं." त्याने कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली. "ध्यानात ठेवतो," तो म्हणाला.

लोक उठू लागले तेव्हा वजनकाट्याजवळ मफलर गुंडाळलेली एक आकृती दिसली. वामनराव अमरावतीहून आले होते आणि सगळा वेळ मागे उभे होते. जवळ येऊन म्हणाले, "समितीच्या वतीनं नाही. मी आपला ऐकाले आलो." त्या दिवशी दुर्गाताईंच्या घरी ते आमच्याबरोबर जेवले आणि जेवताना फिनलंडखेरीज दुसरे काही बोलले नाहीत.

पुणे

परत आल्यावर पंधरवडा झाला असेल. मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावले. त्यांच्या टेबलावर सरकारी लिफाफा होता. आपल्या शिक्षिकेने वऱ्हाडात दिलेल्या व्याख्यानाचा विषय व हेतू कळवावा, असे त्यात होते. बाई आमच्या कडक. वीस वर्षे त्यांनी शाळा चालवली, ती कुणाचे उपकार न घेता.

"काय बोललात तुम्ही?"

"थोडक्यात सांगू?"

"थोडक्यात नको. मला सही करायची आहे."

मी पूर्ण व्याख्यान त्यांना सांगितले. दार लावलेले, बाहेर घंटा झाली, एक तास बुडाला. त्यांनी दोनदा चहा मागवला. मग कागद पुढे ओढून उत्तर लिहिले आणि मला वाचायला दिले. विषय, प्राचीन ग्रीसचा इतिहास. हेतू, इतिहास शिकवणे. खाली ठसठशीत सही.

"तुम्ही हे दोन भाग निरनिराळ्या सत्रांत शिकवता ना?" त्यांनी विचारले.

"शिकवत होते."

"मॅट्रिकच्या वर्गाला उद्या सलग दोन तास देते. मीही मागे बसेन."

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर नकाशा काढला. आजवर अथेन्सपासून सुरुवात करत आले होते. या वेळी आधी बेट काढले, त्यावर मोठ्या अक्षरांत नाव लिहिले, आणि मग मुलींकडे वळून विचारले, "इथे तुम्ही राहता असे समजा. समुद्रावर जहाजे दिसताहेत. कोण बोलणार?" मागच्या बाकापासून पुढच्या बाकापर्यंत सगळे हात वर गेले.